एकोणीस दिवसांचं गुपित

नेपाळातल्या काउलेपानीत कुणाला एखादी बातमी डोंगरावरच्या सातही वाड्यांत पोचवायची असली, तर तो ती रुपसरा पुनच्या कानात सांगे आणि वर "कुणाला बोलू नका हं, फुपू," असं बजावून घरी निघे. तो घरी पोचायच्या आत बातमी त्याच्या चुलीपाशी बसून मक्याच्या लाह्या खात असे.

फुपू म्हणजे आत्या. सख्खी भाचरं तिला तीनच, पण आत्या ती अख्ख्या गावाची. पोटात काही राहत नाही याचा तिला विषादही नव्हता. "माझ्या पोटात मका राहतो, नाचणी राहते, बात राहत नाही," ती म्हणे. "आईने मडकं भाजलं, झाकण करायचं विसरली." अशा या बाईने उभ्या आयुष्यात एकच गुपित राखलं. पुरते एकोणीस दिवस राखलं. आणि तिच्या वाट्याला आलेल्या हजार गुपितांपैकी जे पहिल्या तासातच फोडायला हवं होतं, ते नेमकं तेच.

आरोग्य स्वयंसेविका ती झाली, तीही बकरीपायी. बावीस वर्षांपूर्वी शाळेच्या पटांगणात सभा भरली होती. प्रत्येक वाडीतून एक बाई निवडायची होती, आणि बाया एकमेकींच्या पाठीमागे लपत होत्या. रुपसरा सुटलेली बकरी शोधत तिथे आली आणि "माझी तांबडी इकडून गेली का?" म्हणून तिने हात वर करून विचारलं. साहेबांनी हात मोजला, टाळ्या पडल्या. बकरी दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी सापडली. रुपसरा मात्र त्या दिवशी हरवली ती हरवलीच. फिकट निळी साडी, खांद्याला झोळी, झोळीत गोळ्यांची पाकिटं, हगवणीची पावडर, पुरुषांनी वापरायच्या पिशव्यांचे खोके आणि चित्रांची वही. अक्षर तिला येत नसे, म्हणून वहीत चित्रं होती आणि ती चित्राखाली काट्या मारी. नवरा हस्तबीर हयात होता तेव्हा म्हणे, "माझी बायको सरकारी झाली. आता ती घरी आली की मीच उठून उभा राहतो." पुढे तो तापाने गेला. गेल्यावरही ती त्याच्याशी भांडत चढ चढायची. दम लागत नाही म्हणे त्याने.

काउलेपानीत नवरा हे पीक परगावीच पिकतं. कुणाचा कतारला, कुणाचा मलेशियाला, कुणाचा सौदीत, दोन-चार जण पुण्या-मुंबईकडे इमारती राखायला. गावात उरतात म्हातारे, शाळामास्तर आणि कोंबडे. नवरा दोन-अडीच वर्षांनी महिना-दीड महिना येतो, छपराचे पत्रे बदलतो, बायकोला पोटुशी करतो आणि परत जातो. या दीड महिन्याचा बंदोबस्त कसा करायचा, ही रुपसराची खरी नोकरी.

बंदोबस्त सोपा होता. दंडात एक सुई घेतली की तीन महिने निर्धास्त. सुई खालच्या बाजारातल्या आरोग्य चौकीत मिळे, गोमा सिस्टर ती फुकट देई. अडचण एकच, चौकीच्या दारासमोर पाच पावलांवर डिल्लीमाया साहुनीचं चहाचं दुकान होतं आणि दुकानापुढे एक लाकडी बाक होता. त्या बाकाला गावात कोर्ट म्हणत. एखादी बाई चौकीत शिरून दंड चोळत बाहेर आली, की साहुनी किटली चढवी आणि विचारी, "काय गं, कधी येतोय?" नवरा येणार असला तर ठीक. चहा, थट्टा, "आता घोंगडी धुऊन ठेव" वगैरे. पण नवरा येणार नसेल, तर किटली खाली उतरे आणि बाकावर शांतता पसरे. नवरा परदेशात आणि हिला सुई कशाला? आठ वर्षांपूर्वी वरच्या वाडीतल्या एका पोरीने नवरा सौदीत असताना सुई चालू ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की मधे खंड नको, म्हणून बिचारीने ठेवली. तिच्या दंडाची कळ जायच्या आत फोन सौदीत वाजला. ती पोर माहेरी गेली ती पुन्हा काउलेपानीच्या पाण्याला आली नाही.

त्या दिवसापासून रुपसराने स्वतःचा कायदा केला. आधी फोन, मग सुई. नवरा येतोय असा फोन आला की पंधरा दिवस आधी बायकोने चौकीत जायचं. यासाठी रुपसरा गावातल्या सगळ्या नवऱ्यांच्या सुट्ट्या तोंडपाठ ठेवी. कुणाचा करार कधी संपतो, कुणाचा पासपोर्ट मालकाने दाबून ठेवलाय, सगळं. गोमा सिस्टर तिला "विमानतळ" म्हणायची. आणि खरं सांगायचं तर कायदा चालला होता. त्या बाकावरून पुन्हा कुणी माहेरी गेलं नाही. रुपसराला त्याचा अभिमान होता, तोही झाकण नसलेला.

तिच्या भाच्याची, नरजितची बायको खिमा, श्रावणात तिच्याकडे आली. पाठीवर ओल्या गवताचा डोको, म्हणजे कपाळाच्या पट्ट्यावर पेलायची ती निमुळती मोठी टोपली, पायांना जळवा. डोको उतरवून ती भिंतीला टेकून एका कुल्ल्यावर बसली. ती अशीच बसायची. तिसऱ्या बाळंतपणात पाचव्या दिवशी उठून तिने शेणाची टोपली उचलली आणि तेव्हापासून तिचं अंग बाहेर येत होतं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी ते सावरायला आत रबरी कडं बसवलं होतं आणि दोन गोष्टी बजावल्या होत्या, ओझं उचलायचं नाही आणि पुन्हा मूल नाही.

"फुपू, मला सुई हवी," ती म्हणाली.

"कोण येतंय?"

"कुणी नाही. म्हणूनच आत्ता हवी. घेत राहीन दर तीन महिन्यांनी."

रुपसराने जळू काढायला मिठाचं बोट पुढे केलं. "नरजित चैतात यायचा. मी मोजून ठेवलंय. फागुनात आपण दोघी जाऊ, साहुनीकडे मिटक्या मारत चहा पिऊ."

"चैत कुणी पाहिलाय? मधेच आला तर?"

"अगं विमान आहे ते. गवताचा भारा नव्हे, वाटलं आणि पाठीवर मारला."

"पण आला तर?"

"मला न कळता येईल? या डोंगरात मला न विचारता डास तरी चढतो का?"

खिमा हसली. मग म्हणाली, "तुम्हाला त्या बाकाची भीती वाटते."

"मला? मी त्या बाकावर बसून साहुनीच्या सासूची नक्कल करते! भीती तुझ्यासाठी वाटते."

"मला नाही वाटत."

"कारण तू अजून त्या बाकाला पाठ दाखवून चाललेली नाहीस."

खिमा थोडा वेळ जळवेच्या जागेतून येणारं रक्त पुसत राहिली. "फुपू, डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. ओझं तर उचलावंच लागतं, रेडकू काय हवा खातं का? निदान दुसरी तरी पाळू दे मला."

"पाळशील गं. मी आहे ना."

"मग तो यायचं कळलं की मला सांगाल? लगेच?"

"तुला नाही सांगणार तर कुणाला? माझ्या पोटात राहतं का काही?"

याच्यावर दोघीही हसल्या. खिमाने डोको उचलायला कपाळ पुढे केलं, रुपसराने मागून हात दिला. सुईचा विषय तिथे संपला.

भाद्रपद संपत आला होता. रुपसरा छपरावर मिरच्या वाळत घालत होती आणि फोन वाजला. कतारचा नंबर.

"फुपू, एकट्या आहात?" नरजित म्हणाला.

"नाही. मिरच्या आहेत."

"ऐका. मी दसैंला येतोय. फुलपातीच्या दिवशी पोचतो."

दसैं म्हणजे आमचा दसरा, फुलपाती त्याचा सातवा दिवस. रुपसराच्या हातातली परात सुटली. मिरच्या अंगणात, कोंबड्यांच्या डोक्यावर. ती ओरडणार तेवढ्यात तो म्हणाला, "पण कुणाला सांगायचं नाही. खिमाला तर मुळीच नाही."

"अरे पण..."

"फुपू, दोन वर्षं मी एकच चित्र बघतोय. ती अंगणात पाठमोरी असेल, मी मागून जाऊन म्हणेन, 'बाई, पाणी मिळेल का?' आणि ती वळेल. तिचं तोंड कसं होतं तेवढंच बघायचंय मला. इथे दुपारी लोखंडाला हात लावला की कातडं सोलतं. तेव्हा मी तेच बघतो."

रुपसराचे डोळे भरून आले. नरजित पोर गुणाचं होतं. दारू नाही, जुगार नाही, आईला फोन चुकवत नाही.

"आणि बरोबरचे सगळे म्हणाले, फुपूला सांगू नकोस, सगळ्या नेपाळला कळेल. मी म्हटलं, नाही, मी फुपूलाच सांगणार. ती राखेल."

हे शेवटचं वाक्य त्याने म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. बावन्न वर्षांत रुपसरावर कुणी असा विश्वास टाकला नव्हता. सख्ख्या आईने नाही, हस्तबीरने तर नाहीच. कोंबड्या मिरच्या तुडवत होत्या आणि रुपसरा छपरावर ताठ उभी होती. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, हिला पदक मिळालं.

पुढच्या एकोणीस दिवसांसारखे दिवस काउलेपानीने पाहिले नव्हते. रुपसरा गप्प. नळावर गप्प, आया-बायांच्या मासिक सभेत गप्प. कुणी "फुपू" म्हणून हाक मारली की ती तोंडात सुक्या पाल्याची चिमूट कोंबी आणि चावत राही. साहुनीने तिला तीन वेळा फुकट चहा पाजून पाहिलं, काही गळलं नाही. शेवटी तिने जाहीर केलं, "हिला ओढ्यावरच्या बयेने धरलंय." एक म्हातारा झाडपाल्याचं पाणी घेऊन आलाही, आणि रुपसराने ते निमूट पिऊन टाकलं. बोलण्यापेक्षा ते बरं.

खिमाची आठवण तिला झाली नाही असं नाही. तिसऱ्याच दिवशी झाली. तिला वचन दिलेलं होतं, सुई आठवडाभरात अंगी लागते, दिवस पुष्कळ होते. पण खिमाला चौकीत पाठवली की साहुनी किटली चढवणार, "कधी येतोय" विचारणार आणि नरजितचं दोन वर्षं जपलेलं चित्र किटलीच्या वाफेत जाणार. रुपसरा दिवसभर विचार करत नाचणीचं शेत निंदत राहिली आणि संध्याकाळी तिला युक्ती सुचली. सुई बाईला लागते, पिशव्या पुरुषाला. खिमाला काही सांगायलाच नको! नरजित बसमधून उतरला की त्याच्याच हातात खोका द्यायचा. गुपितही राहील, बंदोबस्तही होईल. आपण किती हुशार, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. हस्तबीरलाही तिने चढ चढताना ऐकवलं.

फुलपातीच्या सकाळी ती खाली बसथांब्यावर जाऊन बसली. नरजित उतरला. काळवंडलेला, गालफडं बसलेली, पण हसणं तेच. त्याने पाया पडायला डोकं वाकवलं. रुपसराने झोळीतून वर्तमानपत्रात बांधलेला, लाल दोऱ्याने आवळलेला पुडा काढला. बावीस वर्षं तिने आया-बायांच्या सभेत लाकडी दांडा हातात धरून, कसलीही भीडमुर्वत न ठेवता, काय कुठे कसं चढवायचं ते शिकवलं होतं. मास्तरांना शिकवलं होतं. देवळातल्या पुजाऱ्यालाही. पण समोर भावाचा मुलगा उभा होता, ज्याचं नाक तिने पुसलं होतं. फुपूने भाच्याला हे कसं सांगायचं?

"हे घे," ती म्हणाली. "उपयोगी पडेल."

"काय आहे फुपू?"

"घरी गेल्यावर बघ."

नरजितने पुडा कपाळाला लावला आणि जपून पिशवीत ठेवला. सणाला फुपूच्या हातून मिळालेली वस्तू म्हणजे आशीर्वाद, एवढं वळण त्याला होतं.

आणि मग ते चित्र खरोखर घडलं, अगदी जसंच्या तसं. खिमा पाठमोरी, तांबड्या मातीने घराची भिंत सारवत होती, कोपरापर्यंत हात लाल. "बाई, पाणी मिळेल का?" ती वळली. हातातला पोतेरा पडला. तोंडावर आधी भीती, मग नवल, मग जे काय आलं ते बघून नरजितच रडायला लागला. मुली धावत आल्या, धाकटा अनोळखी माणूस बघून आजीच्या पाठीमागे लपला. सासू तिलसरा शंख फुंकायचा की दिवा लावायचा या गोंधळात दोन्ही हातात घेऊन उभी. सगळी वाडी जमली. कुंपणामागून रुपसरा बाहेर आली, लग्नातल्या विहिणीसारखी.

खिमाने तिला पाहिलं. "फुपू, तुम्हाला माहीत होतं?"

"मग! एकोणीस दिवस!" एकोणीस दिवसांचं तोंड एकदम सुटलं. "एक नाही, दोन नाही, एकोणीस! दातावर दात धरून बसले! झाडपाल्याचं पाणी प्याले, पण बोलले नाही!"

लोक पोट धरून हसले. खिमाही हसत होती. पण तिचं हसू मधेच कुठेतरी अडलं. मातीने माखलेला अंगठा तिने बोटांच्या पेरांवरून हळूहळू फिरवला.

"एकोणीस," ती म्हणाली. आणि पाणी आणायला आत गेली.

रुपसरा त्यानंतर आठवडाभर कपाळाला सणाचे टिके लावत आणि लावून घेत हिंडत होती. पहिल्यांदाच लोक तिला म्हणत होते, "फुपू, तुम्ही तर मोठ्या पक्क्या निघालात." खोका नरजितकडे आहे म्हणून ती निश्चिंत होती. तिहार, म्हणजे दिवाळी, आटोपून नरजित परत गेला. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. खिमा नळावर दिसे तेव्हा घाईत असे. रुपसराला वाटलं, नवरा गेल्यावर बायका अशाच होतात.

माघी संक्रांतीला आमच्या मगर जातीच्या लोकांत सासरी गेलेल्या बहिणींना माहेरी बोलावून कंद, तूप आणि मान देतात. भाऊ वारल्यापासून रुपसराला तिलसरा भाउजूच, म्हणजे वहिनीच, बोलावी. उकडलेल्या कंदाचं ताट नणंदेपुढे ठेवून तिलसरा म्हणाली, "आमाजू, तुमचा प्रसाद अजून तसाच आहे हो. फोडला नाही."

"कसला प्रसाद?"

"नरजितबरोबर दिलेला. पोराने आल्या आल्या माझ्या हातात दिला, म्हणाला फुपूने दिलाय. म्हटलं कुठल्या मोठ्या देवळाचा असेल. दर पौर्णिमेला अक्षता वाहते."

रुपसराने मान वर केली. कुलदेवाच्या कोनाड्यात, वाळलेल्या झेंडूखाली, वर्तमानपत्राचा पुडा होता. लाल दोरा तसाच. वर कुंकू, वर तांदूळ.

तिला आधी हसू फुटलं. ते ओठांपर्यंत आलंही, कारण असं काही दिसल्यावर न हसणं तिला जमतच नसे. तेवढ्यात खिमा तुपाची वाटी घेऊन दारातून आत आली, आणि तिने ओढणी पोटावरून कशी घेतली आहे हे रुपसराच्या बावीस वर्षांच्या नजरेने बघितलं. हसू तिथेच मेलं.

तिलसरा पाण्याला गेल्यावर रुपसरा म्हणाली, "कितवा?"

"चौथा सुरू आहे."

"अगं मग मला का नाही सांगितलंस? तीन महिन्यांच्या आत असतं तर काही करता आलं असतं. मी तुला स्वतः घेऊन गेले असते जिल्ह्याला. आता नाही करत."

"माहीत आहे. विचारून आले."

"नरजितला तरी सांगायचंस."

"सांगितलं ना, आला त्याच रात्री, की पुन्हा मूल नको. म्हणाला, 'फुपूला विचार, ती काहीतरी करेल.'" खिमाने वाटी खाली ठेवली. "दसैंत चौकी बंद होती. ज्या दिवशी उघडली त्या दिवशी मी गेले. सिस्टर म्हणाल्या, पाळी येऊ दे, मग देते. आलीच नाही."

"आणि साहुनी?"

"साहुनीने चहा पाजला. नवरा घरी होता ना. म्हणाली, ये हं, कितीदाही ये."

"खिमा, माझ्याकडे का नाही आलीस?"

खिमाने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग असता तर रुपसराला बरं वाटलं असतं.

"एकदा मागितलं होतं, फुपू," ती म्हणाली. "पुन्हा मागायला तोंड झालं नाही."

रुपसराने उठून कोनाड्यातला पुडा घेतला आणि झोळीत टाकला. तिलसरा परत आल्यावर ओरडली, "आमाजू, प्रसाद कुठे नेता?" रुपसरा म्हणाली, "शिळा झालाय, भाउजू." कंद तसाच टाकून ती निघाली, आणि त्या दिवशी चढावर ती हस्तबीरशी एक शब्द बोलली नाही.

आषाढात मुलगा झाला. बाळंतपण जिल्ह्याच्या दवाखान्यात झालं. रुपसरा तिला पाच जणांच्या खांद्यावरच्या झोळीतून घेऊन गेली, वाटभर झोळीची काठी धरून. जीव वाचला, दोघांचाही. कतारहून नरजितचा फोन आला. तो आनंदाने इतका ओरडत होता की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला. "फुपू, दोन मुली, दोन मुलगे! जोड्या पुऱ्या झाल्या! आणि हे सगळं तुमच्यामुळे. तुम्ही गुपित राखलंत म्हणून!"

"हो रे," रुपसरा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

खिमाला त्यानंतर कडं राहीना. चालली तरी अंग बाहेर, खोकली तरी बाहेर. बाजेवर पडून ती मुलाला पाजे. म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यात गेली, बकऱ्या तेवढ्या राहिल्या. डोको अकरा वर्षांच्या विपनाच्या कपाळावर आला. थोरली मुलगी ती, वर्गात पहिली यायची. मग पहिली येईना, मग आठवड्यातून दोनदाच शाळेत दिसे. रुपसरा रोज संध्याकाळी जाऊन गवताचा एक भारा टाकून येई. खिमा म्हणे, "कशाला, फुपू?" आणि रुपसरा म्हणे, "वाटेवर होतं." तिचं शेत नेमकं उलट्या दिशेला होतं हे दोघींना माहीत होतं.

पण रुपसरा ही रुपसरा. नुसतं झुरत बसणं तिला पेलणारं नव्हतं. भाद्रपदातल्या एका बाजारच्या दिवशी, कोर्ट खच्चून भरलेलं असताना, निळी साडी घालून ती चौकीत शिरली आणि पंधरा मिनिटांनी दंड चोळत बाहेर आली. आत गोमा सिस्टरने तिला काय टोचलं होतं? काही नाही. कापसाचा बोळा लावून दिला होता. पण बाकाला ते ठाऊक नव्हतं.

डिल्लीमाया साहुनीचा हात किटलीवरच थिजला. "फुपू! सुई?"

"तीन महिन्यांची."

"अगं, त्रेपन्नाची झालीस! विधवा बाई! कोण येतंय तुझ्याकडे?"

"हस्तबीर," रुपसरा म्हणाली. "वरून फोन आलाय. त्याची रजा मंजूर झाली. दसैंला येतो म्हणाला. मी म्हटलं, आपली तयारी असलेली बरी, त्याचा काय भरवसा, हयात होता तेव्हा तरी कधी सांगून आला!"

बाक असा फुटला की एका म्हाताऱ्याच्या नाकातून चहा आला. तीन महिन्यांनी रुपसरा पुन्हा गेली, यावेळी बरोबर वरच्या वाडीतल्या दोघी. "या कशाला?" "मला चक्कर येते, धरायला आणल्यात." त्या दोघीही दंड चोळत बाहेर आल्या. त्या कशाला चोळतात हे विचारायचं, तर आधी हस्तबीरचं काय झालं ते विचारावं लागे, आणि हस्तबीरचं नाव निघालं की रुपसरा अर्धा तास थांबत नसे. वर्षभरात फुपूला धरायला जाणाऱ्या बायका चौदा झाल्या. यातल्या अकरा जणींचे नवरे परदेशात. साहुनीची किटली आता सगळ्यांसाठी चढते. ती शहाणी झाली असं नाही, पण चौदा चहा म्हणजे चौदा चहा.

आपली अक्कल वर्षभर उशिरा आली, हे रुपसरा कुणी विचारलं तर सांगते. विचारलं नाही तरी सांगते. "बाकाला घाबरत होते मी," ती म्हणते, "आणि नाव मात्र पोरींचं सांगत होते."

खिमाचं शस्त्रक्रियेचं शिबिर व्हायला दीड वर्ष लागलं. गर्भाची पिशवी काढून टाकली. आता ती बसते नीट, चालते, पण डोको अजून उचलत नाही. तो विपनाच्याच कपाळावर आहे, आणि पट्ट्याने तिथले केस झिजून एक फिकट रेघ पडली आहे.

यंदाच्या दसैंला खिमा चारही मुलं घेऊन रुपसराकडे टिक्याला आली. आमच्यात दही-तांदळाचा पांढरा टिका. मुलांना रुपसराने भराभर लावला, शिका, मोठे व्हा, नाक पुसा. धाकटा टिका चाटत पळाला. विपनाच्या कपाळावर लावताना तिचं बोट त्या रेघेवर जरा अडखळलं. मग खिमा पुढे बसली. कपाळावर दही-तांदूळ थापून, कानात जवाचे कोंब खोवून, रुपसरा आशीर्वादाला तोंड उघडती झाली आणि थांबली. सुनांना द्यायचा आशीर्वाद आमच्याकडे एकच आहे, शेकडो वर्षांचा, तुझी पोरंबाळं या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत पसरोत. तो तिच्या तोंडातून जाईना. आणि दुसरा कुठला तिला येत नव्हता.

"काहीतरी म्हणा, फुपू," खिमा म्हणाली. "पाय अवघडले माझे."

रुपसराने तिच्या डोक्यावरचा हात काढला नाही. "कुणाचाही फोन आला," ती म्हणाली, "तर आधी तुला सांगेन."

अंगणात मुलं कोंबडीमागे धावत होती. खिमाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"आता सांगितलं काय आणि नाही सांगितलं काय," ती म्हणाली. मग कपाळावरून ओघळणारं दही तिने बोटाने सावरलं. "तरी सांगा."